गणवेशातली उतरंड : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

परिचारिकांच्या आपसातल्या मानापमानाबद्दल बरीच पत्रं आली. त्यातली सात या वेळी घेतली आहेत. नावं आणि रुग्णालयं काढून टाकली आहेत, मजकूर थोडा आटोपता केला आहे.

प्रश्न : माझा डिप्लोमा झालाय आणि सर्जिकल वॉर्डात चौदा वर्षं काढली आहेत. आता आमच्यावर तीन वर्षांच्या अनुभवाची, डिग्री झालेली इन्चार्ज आली आहे. मी काही सांगायला गेले की ती म्हणते, "सिस्टर, ते माझ्यावर सोडा." परवा सगळ्यांसमोर म्हणाली की डिग्रीवाल्या नर्स असल्या की पेशंट कमी दगावतात, हे संशोधनात सिद्ध झालंय. हे खरं आहे का? मग माझ्या चौदा वर्षांचं काय?

उत्तर : संशोधन खरं आहे, तिने त्याचा लावलेला अर्थ चुकीचा आहे. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१४ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. युरोपातल्या ९ देशांतली ३०० रुग्णालयं आणि शस्त्रक्रिया झालेले ४ लाखांहून अधिक रुग्ण त्यात होते. ज्या रुग्णालयात डिग्रीधारक परिचारिकांचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त, तिथे दाखल झाल्यापासून ३० दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी कमी दिसली. पण त्याच लेखात दुसराही आकडा आहे : एका परिचारिकेच्या वाट्याला एक रुग्ण वाढला की ती शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. पहिला आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. दुसरा फारसा कुणी काढत नाही, कारण तो मान्य केला तर माणसं भरावी लागतात.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या. त्या अभ्यासात मोजलं गेलं ते रुग्णालय. अमुक सिस्टर तमुक सिस्टरपेक्षा चांगली, असं त्यातून कुणालाच काढता येत नाही. डिग्रीच्या अभ्यासक्रमात शरीरात काय बिघडतंय याची कारणमीमांसा, संशोधन वाचणं आणि ते तपासणं यांवर जास्त वेळ दिला जातो, आणि त्याचा फायदा होतो. अनुभवाने मिळतं ते वेगळं. नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८०च्या दशकात परिचारिकेच्या वाटचालीचे नवशिकीपासून तज्ज्ञापर्यंत पाच टप्पे मांडले. त्यांच्या मांडणीत तज्ज्ञपणा त्या त्या कामापुरता असतो. वीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेली सिस्टर बाळंतिणींच्या वॉर्डात गेली की पहिले काही महिने नवशिकीच असते. तुमची चौदा वर्षं सर्जिकल वॉर्डात फार मोलाची आहेत. तुमच्या इन्चार्जची कारणमीमांसाही तिथे लागतेच. अडचण एवढीच की तुमच्याकडची माहिती तिच्यापर्यंत पोचत नाहीये.

ती पोचवायची तर आकड्यांत पोचवा. "पेशंट बरा वाटत नाही" हे वाक्य खोडून टाकायला फार सोपं असतं. समजा, ऑपरेशनचा दुसरा दिवस आहे. श्वास मिनिटाला २४, ऑक्सिजन न लावता सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी) ९५ टक्के, पल्स ११२, वरचं बीपी १०८, ताप ३७.४ सेल्सिअस, पेशंट पूर्ण शुद्धीवर. एकेक आकडा पाहिला तर कुणी दचकणार नाही. पण ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या, पेशंट बिघडतोय का हे गुणांवरून ओळखायच्या 'न्यूज २' तक्त्यात श्वासाचे २, सॅच्युरेशनचा १, पल्सचे २, बीपीचा १, ताप आणि शुद्धीचे शून्य असे मिळून ६ गुण होतात. ५ किंवा जास्त म्हणजे डॉक्टरांनी तातडीने पाहायला हवं आणि निदान तासाला एकदा नोंद घ्यायला हवी. ७ किंवा जास्त म्हणजे आणीबाणी.

आता असं बोलून बघा : "बेड १२, सकाळी स्कोअर २ होता, आता ६ आहे. श्वास मी पूर्ण एक मिनिट मोजलाय. डॉक्टरांना आत्ता कळवायला हवं. तुम्ही कळवताय की मी कळवू?" या प्रश्नावर "माझ्यावर सोडा" असं उत्तर आलं तरी चालेल. मग वेळ घालून नोंद करा आणि दहा मिनिटांनी परत विचारा. तोवर कळवलं गेलं नसेल तर स्वतः फोन करा.

यात सगळ्यात कच्चा दुवा श्वासाचा असतो. अनेक वॉर्डांत सगळ्यांच्या चार्टवर १८ किंवा २० लिहिलेलं सापडतं, कारण तो न मोजताच भरलेला असतो. पेशंट बिघडायला लागला की बहुतेक वेळा आधी श्वासच वाढतो. पल्स धरल्यासारखं मनगट हातात ठेवून छातीकडे बघत घड्याळावर ६० सेकंद मोजा. मोजतोय हे पेशंटला कळलं की तो श्वास बदलतो.

पुढे डिग्री करायची सोय झाली तर जरूर करा, स्वतःसाठी करा.

प्रश्न : नोकरीला लागल्यापासून माझ्या काही पेशंटचं स्पंज (ओल्या कापडाने अंग पुसणं) मी स्वतः करते. बाकीच्या सिस्टर म्हणतात, "ते मावशींचं काम. तू करायला लागलीस तर उद्या आमच्याही गळ्यात पडेल." मी चुकतेय का?

उत्तर : नाही, चुकत नाही. नर्सिंगमधल्या उतरंडीचा एक अलिखित नियम आहे : पेशंटच्या शरीरापासून, त्याच्या घामापासून आणि बेडपॅनपासून जी जितकी लांब, ती तितकी मोठी. त्यामुळे बढती मिळाली की आधी हात सुटतात, मग नजर सुटते. स्पंजला खालचं काम समजण्याची किंमत पेशंट मोजतो.

स्पंजची पंधरा-वीस मिनिटं म्हणजे अख्ख्या शरीराची तपासणी आहे, एरवी ती कुणी करत नाही. कुशीवर वळवल्यावर आधी माकडहाड बघा. मग टाचा, घोटे, कोपर, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू. ऑक्सिजनची नळी जिथे घासते ती कानामागची जागा बहुतेक जणी विसरतात. लालसर डाग दिसला तर त्यावर बोट ३ सेकंद दाबून उचला. जागा पांढरट होऊन परत लाल झाली तर रक्त फिरतंय. लाल ती लालच राहिली तर बेडसोरचा पहिला टप्पा सुरू झालाय. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर हा रंगाचा खेळ दिसत नाही. तिथे बोटांनी शेजारच्या जागेशी ताडून बघा : जास्त गरम आहे का, गार आहे का, कडक लागते की लोण्यासारखी मऊ, दाबल्यावर पेशंट कण्हतो का.

अशी जागा चोळायची नाही. तेल लावून मालिश करण्याची जुनी सवय अजून आहे, पण कातडीच्या खालचा भाग आधीच दुखावलेला असतो, चोळल्याने तो आणखी फाटतो. पेशंटला पूर्ण कुशीवर न ठेवता पाठीमागे उशी देऊन ३० अंशांत कलता ठेवा. पूर्ण कुशीवर कमरेच्या बाजूच्या हाडावर सगळा भार येतो. टाचांसाठी उशी पोटरीखाली लावा, म्हणजे टाच हवेत राहते. डोक्याकडची बाजू फार वेळ ३० अंशांपेक्षा वर ठेवली की पेशंट खाली घसरतो, आणि त्या घसरण्यात माकडहाडावरची कातडी एका बाजूला आणि हाड दुसऱ्या बाजूला ओढलं जातं. दर २ तासांनी कूस बदलणं ही सुरुवात समजा. डाग दिसला तर त्याआधी बदला.

शिवाय एक पोटरी दुसरीपेक्षा सुजलेली आणि गरम लागली, तर शिरेत गाठ असू शकते. ती दाबू नका, डॉक्टरांना सांगा. कुशीवर वळवताना धाप लागली, पोट कडक लागलं, कालपर्यंत स्वतः हात उचलणारा आज उचलत नाही, हे सगळं चार्टवर येण्याच्या कितीतरी आधी इथे कळतं.

तीस पेशंटच्या वॉर्डात सगळ्यांचं स्पंज तुम्ही एकटीने करणं शक्य नाही आणि तसा आग्रहही नाही. नव्याने दाखल झालेला, ऑपरेशननंतर पहिल्या दिवशीचा, स्वतः कूस न बदलू शकणारा आणि असंबद्ध बोलणारा, एवढे चार प्रकारचे पेशंट स्वतःकडे ठेवा. बाकीच्यांसाठी मावशींना नेमकं सांगा : "मावशी, सात नंबरच्या आजोबांची पाठ पुसताना मला हाक मारा, माकडहाडाची जागा मला बघायचीय." काम सोपवता येतं, तपासणीची जबाबदारी तुमच्याकडेच राहते.

सहकाऱ्यांची भीती मात्र उडवून लावू नका. मावशींच्या जागा न भरता तेच काम सिस्टरांवर टाकलं जातं, हे अनेक ठिकाणी घडतं. ते भांडण माणसांच्या संख्येचं आहे आणि ते व्यवस्थापनाशी, लेखी करायचं. पेशंटच्या पाठीवरून करायचं नाही.

प्रश्न : मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डिप्लोमा, डिग्री, सहायक, स्पेशालिस्ट ही भांडणं आली कुठून? नाइटिंगेलच्या काळात तर सगळ्या सारख्याच असतील ना?

उत्तर : नव्हत्या. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० साली नाइटिंगेल निधीतून शाळा सुरू झाली, आणि काही वर्षांतच तिला दोन दारं झाली. कष्टकरी घरातल्या मुलींना राहणं, जेवण आणि वर्षाला १० पौंड मिळत. वरच्या घरातल्या बायका स्वतःचा खर्च स्वतः देत, आणि पुढे मेट्रन (रुग्णालयाच्या मुख्य परिचारिका) होण्यासाठी त्यांची तयारी करून घेतली जाई.

पुढचा वाद नोंदणीचा. एथेल बेडफर्ड फेनविक यांनी १८८७ साली ब्रिटिश नर्सेस असोसिएशन काढली. तीन वर्षांचं प्रशिक्षण आणि अधिकृत नोंदवही असावी, म्हणजे कुणीही उठून स्वतःला नर्स म्हणवणार नाही, ही त्यांची मागणी होती. नाइटिंगेल यांचा विरोध होता. चांगली परिचारिका परीक्षेने ठरत नाही, असं त्यांचं म्हणणं. न्यूझीलंडने १९०१ मध्येच नोंदणीचा कायदा केला, ब्रिटनमध्ये तो १९१९ साली झाला. नोंदवहीत पहिला क्रमांक लागला फेनविक यांचा. पुरुषांची नोंद मात्र वेगळ्या पुरवणीत होत असे, ती १९४९ पर्यंत तशीच राहिली.

उंबरठा उंच केला की काही जणी बाहेर राहतात, पण त्या करत होत्या ते काम संपत नाही. म्हणून १९४३ मध्ये ब्रिटनने सहायक परिचारिकांसाठी दुसरी यादी उघडली. पुढे त्यांचं प्रशिक्षण बंद केलं, आणि जानेवारी २०१९ पासून इंग्लंडमध्ये 'नर्सिंग असोशिएट' नावाने दुसरी पायरी परत आली. अमेरिकेत १९६५ साली तिथल्या परिचारिका संघटनेने व्यावसायिक परिचारिकेसाठी किमान पदवी हवी अशी भूमिका घेतली. नॉर्थ डकोटा या राज्याने १९८७ मध्ये ती अमलात आणली आणि २००३ मध्ये मागे घेतली. न्यूयॉर्कने २०१७ मध्ये वेगळा मार्ग काढला : आधी नोंदणी करा, मग १० वर्षांत पदवी पूर्ण करा. आम्हाला हा मार्ग जास्त न्याय्य वाटतो, कारण त्यात आधीपासून काम करणाऱ्या बाईला दाराबाहेर उभं केलं जात नाही.

प्रश्न : नोकरीचा तिसरा आठवडा. रात्री इन्सुलिनची ऑर्डर नीट वाचता येईना. सिनियर सिस्टरांना विचारायला गेले तर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "कॉलेजात काय शिकलात?" मी परत विचारलं नाही, अंदाजाने ४ युनिट दिले. ते बरोबर निघाले, पण त्या रात्रीनंतर झोप लागत नाही. कसं विचारायचं असतं?

उत्तर : झोप लागत नाही याचा अर्थ तुम्हाला धोका बरोबर कळलाय. ४ च्या पुढे हाताने लिहिलेलं इंग्रजी 'यू' अक्षर शून्यासारखं दिसतं आणि ४ चे ४० होतात. अशा चुका जगभर झाल्या आहेत, म्हणूनच ते अक्षर न वापरता 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहावा असा नियम अनेक ठिकाणी आहे. चाळीस युनिट गेले असते तर पहाटेपर्यंत पेशंट घामाने डबडबलेला, थरथरणारा, काहीबाही बोलणारा किंवा बेशुद्ध सापडला असता. झोपेत तर हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

विचारण्याची पद्धत अशी ठेवा. "हे ४ आहे ना?" असं कधीच विचारू नका. घाईतला माणूस त्यावर "हो" म्हणतो, कारण उत्तर तुम्हीच त्याच्या हातात दिलेलं असतं. कागद पुढे करा आणि म्हणा, "सिस्टर, ही ऑर्डर वाचून सांगा, किती दिसतंय?" तुमचा आकडा मनात ठेवा. दोघींचा एकच आला तर पुढे जा. वेगळा आला किंवा समोरची म्हणाली "वाचता येत नाही", तर ऑर्डर लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन, आणि त्यांनी सांगितलेला आकडा त्यांना परत म्हणून दाखवा : "चार युनिट, चाळीस नाही, फक्त चार, बरोबर?" रात्रीचे तीन वाजले असले तरी फोन करा.

सिरिंजही त्याच नजरेने बघा. काही ठिकाणी ४० आणि १०० अशा दोन्ही ताकदींचं इन्सुलिन असतं, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट किंवा १०० युनिट. १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज अशी जोडी जमली तर पेशंटला अडीचपट जास्त जातं. उलटी जोडी जमली तर चाळीस टक्केच पोचतं. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून वाचा. टोपीच्या रंगावर विसंबू नका.

"कॉलेजात काय शिकलात?" याला उत्तर देण्यात रात्र घालवू नका. एकच वाक्य, आवाज न चढवता : "चुकलं तर पेशंटला लागेल, म्हणून विचारतेय." मग प्रश्न परत विचारा. दुसऱ्यांदाही उडवून लावलं तर तिसरी व्यक्ती गाठा, सुपरवायझर असो वा डॉक्टर. तोवर औषध हातात थांबवा. दोनदा विचारून मग वर जाणं हे उद्धटपणात मोडत नाही. विमान चालवणाऱ्यांनाही हेच शिकवतात.

हे पत्र वाचणाऱ्या सिनियर सिस्टरांनाही दोन शब्द. नर्सिंगच्या अभ्यासक सुझन रॉबर्ट्स यांनी १९८३ साली मांडलं होतं की ज्या गटाला वर बोलता येत नाही, त्याचा राग आपल्याच माणसांवर निघतो. तुम्हालाही कुणीतरी असंच रडवलं असेल. पण नवी मुलगी एकदा अपमान झाला की शिकत नाही, लपवायला लागते. त्या रात्री तिने विचारणं सोडलं आणि अंदाज केला, हाच त्याचा पुरावा आहे. तीस दिवस तिला एकच ठरावीक सिनियर द्या, रोज वेगळी नको. ड्युटी संपताना दहा मिनिटं बसून "आज कुठे अडलं?" एवढंच विचारा. आणि चूक सांगायला आलेल्या मुलीला पहिलं वाक्य "पेशंट कसा आहे?" हे ऐकू येऊ दे.

प्रश्न : मी आयसीयूत आहे. आम्ही पेशंट सुधारून वॉर्डात पाठवतो आणि दोन दिवसांत तो परत येतो. वॉर्डातल्या सिस्टरांचं लक्षच नसतं. आयसीयूचं प्रशिक्षण सगळ्यांना सक्तीचं का करत नाहीत?

उत्तर : तुमच्याकडे किती पेशंट असतात आणि त्यांच्याकडे किती? कॅलिफोर्नियात कायद्याने आयसीयूत एका परिचारिकेमागे जास्तीत जास्त २ आणि साध्या वॉर्डात ५ पेशंट ठरवून दिले आहेत. बहुतेक जगात वॉर्डाचा आकडा त्याहून बराच मोठा असतो. मॉनिटर दर सेकंदाला ओरडतो, वॉर्डातली नोंद चार-सहा तासांनी होते. त्या बदलात पेशंट निसटतो, आणि निसटू नये याची निम्मी जबाबदारी पाठवणाऱ्यांची असते.

पाठवण्याआधी सगळ्या लाइन (शिरेत औषध सोडायच्या नळ्या) बघा. ज्या कॅन्युलातून नॉरअॅड्रेनालिन हे बीपी वाढवणारं औषध, भूल किंवा स्नायू सैल करणारं औषध चालू होतं, तिच्या नळीत थोडं औषध उरतं. वॉर्डात कुणी अँटिबायोटिक देण्यासाठी नळी सलाइनने फ्लश केली (धुतली) की ते उरलेलं औषध एकदम आत जातं, आणि श्वास थांबू शकतो किंवा बीपी भडकतं. अशी लाइन आयसीयूतच मोकळी करा किंवा काढून टाका. इन्फ्युजन चालू असेल तर मिलीलिटरमध्ये किती मिलिग्रॅम हे लेबलवर असू दे, कारण दोन्हीकडचं मिश्रण सारखं असेलच असं नाही. प्रत्येक औषधाचा शेवटचा डोस किती वाजता झाला आणि पुढचा कधी, हे वेळ घालून लिहा. नाहीतर एक डोस दोनदा जातो किंवा कुणीच देत नाही. लघवीची नळी अजून का आहे आणि कधी काढायची, हेही लिहा.

मग तोंडी हँडओव्हर, तोही पलंगाशी उभं राहून. "या पेशंटचा नेहमीचा श्वास २० आहे, २५ झाला तर मला चिंता वाटेल. सकाळी चहा स्वतः प्यायला, म्हणजे तो झोपाळलेला दिसला तर ते नवीन आहे." असं एक वाक्य वॉर्डातल्या सिस्टरला चार पानी समरीपेक्षा जास्त कामी येतं. रात्री पाठवणं शक्यतो टाळा, रात्री हलवलेल्या पेशंटचे परिणाम वाईट असतात हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. सक्तीच्या प्रशिक्षणापेक्षा एक सूचना करून बघा : आयसीयूतल्या प्रत्येकीने वर्षातून दोन आठवडे वॉर्डात ड्युटी करावी, आणि वॉर्डातल्या दोघींनी त्या वेळी आयसीयूत.

प्रश्न : मी पुरुष नर्स आहे. उचलायचं काम आलं की "ब्रदर!", एरवी कुणी विचारत नाही. वर म्हणतात, तुला काय, तू लवकर सुपरवायझर होशील.

उत्तर : दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. बायकांच्या समजल्या जाणाऱ्या व्यवसायांत पुरुषांना नकळत वर ढकललं जातं, याला समाजशास्त्रज्ञ क्रिस्टीन विल्यम्स यांनी १९९२ मध्ये काचेचा सरकता जिना म्हटलं. तो जिना पेशंटपासून लांब, ऑफिसकडे नेतो. तिकडे जायचं नसेल तर तसं स्पष्ट सांगा आणि बेडसाइडचं पुढचं प्रशिक्षण मागा. उचलण्याबद्दल : एकट्याने कुणालाच उचलू नका, पाठ एकदाच जाते. चादर पेशंटखाली सरकवून, पलंग कमरेच्या उंचीला आणून, दोन्ही बाजूंना माणसं घेऊन सरकवा. यात ताकदीपेक्षा पद्धत लागते, ती सगळ्यांनी शिकावी.

प्रश्न : मी वॉर्डात मावशी आहे, मुलीकडून लिहून घेतलंय. पेशंटचं काही वेगळं दिसलं तर मला कळतं. सिस्टरांना सांगितलं की म्हणतात, "तुम्ही तुमचं काम करा." मी काय बोलू?

उत्तर : मावशी, तुम्ही बोलत राहा, पेशंटच्या सगळ्यात जवळ तुम्ही असता. फक्त "बरा दिसत नाही" एवढंच म्हणू नका. काल काय होतं आणि आज काय आहे, हे दोन्ही सांगा. "नऊ नंबरच्या आजी काल अर्धं ताट जेवल्या, आज घासच घेत नाहीत." "काल माझं नाव घेऊन हाक मारली, आज मला बहीण समजतायत." "सकाळी आठला लघवीची पिशवी रिकामी केली, आता एक वाजला, तळाला थोडीशीच आहे." "हात गार आणि ओलसर लागतो." ही सगळी आजाराची खरी लक्षणं आहेत. पिशवीचंच घ्या : साठ किलोच्या माणसाला तासाला निदान ३० मिलीलिटर लघवी व्हायला हवी, म्हणजे पाच तासांत १५०. तेवढी नसेल तर आधी नळी पिळलीय का, पेशंटच्या अंगाखाली दाबली गेलीय का, हे सिस्टरांना बघायला सांगा.

अमेरिकेतल्या काही वृद्धाश्रमांत मदतनिसांसाठी यासाठीच छापील कार्ड असतं. बदल दिसला की खूण करून ते परिचारिकेच्या हातात द्यायचं. तुमच्याकडे नसलं तर एका कागदावर बेड नंबर, वेळ आणि बदल एवढं मुलीच्या किंवा वॉर्डातल्या कुणाच्या हाताने लिहून घ्या आणि तो कागद सिस्टरांच्या टेबलावर ठेवा, सांगूनही या. पेशंट श्वासासाठी धडपडत असेल, हाक मारून जागा होत नसेल किंवा रक्त वाहत असेल, तर कुणाची परवानगी न घेता जवळच्या सिस्टर किंवा डॉक्टरांना ओरडून बोलवा.

आणि ज्या सिस्टरांना हा कागद मिळेल, त्यांनी पेशंट बघून नर्सिंग नोंदीत वेळेसकट असं लिहावं : "१.१० वाजता मावशींनी लघवी कमी असल्याचं सांगितलं. पाहिलं, नळी मोकळी आहे, डॉक्टरांना कळवलं."